टाकी भरली की बंद पडणारी गाडी

एक वाजून दहा मिनिटांनी गाडी पुन्हा बंद पडली. टेंभुर्णी दहा-बारा किलोमीटर मागे राहिली होती. रस्त्याच्या कडेला पळसाचं एक झाड होतं, त्याच्या सावलीत आम्ही ती ढकलत नेली. मी एकवीस किक मारल्या. इंजिन एकदाही बोललं नाही.

"उद्या दहा वाजता," सुधाकर म्हणाला.

"माहीत आहे."

"पावणेदहालाच पाहिजे तिथं. मागच्या बारीला साहेबानं घड्याळ दाखवल्तं."

मी किकवरून पाय काढला. 

ही सत्तरच्या दशकाच्या मधली गोष्ट आहे. जालना तेव्हा तालुक्याचं गाव होतं. नवीन जालन्यात स्टेशनजवळ महेमूद उस्तादांचं मोटारसायकलींचं गॅरेज होतं आणि मी तिथे मेकॅनिक होतो. सुधाकर टेंभुर्णीचा. शेतकी पदविका घेतलेला, सव्वीस वर्षांचा. एका बियाणे कंपनीत त्याची निवड झाली होती. काम शेतावरचं. शेतकऱ्यांनी कंपनीसाठी लावलेले बियाण्यांचे प्लॉट फिरून तपासायचे. अट एकच होती, स्वतःची चालू मोटारसायकल. गेल्या सोमवारी तो रुजू व्हायला निघाला. वाटेत पंपावर टाकी भरून घेतली आणि जालना दोन किलोमीटरवर असताना गाडी बंद पडली. गाडी ढकलत तो साडेअकराला कंपनीच्या दारात पोहोचला. साहेबांनी आठवड्याची मुदत दिली. या सोमवारी गाडी वेळेवर आली नाही, तर यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला बोलावणार होते.

त्या दिवशी दीड तासानंतर तीच गाडी पहिल्या किकला चालू झाली होती. हा तपशील सुधाकरने मला सांगितला होता. मी तो ऐकून सोडून दिला.

गाडी इंग्लिश बनावटीची होती, साडेतीनशे सीसी, एका सिलिंडरची. लष्कराच्या लिलावातून आलेली आणि माझ्यापेक्षा वयाने थोडीच लहान. सुधाकरचे वडील प्राथमिक शाळेतले गुरुजी. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती एका जनावरांच्या डॉक्टरकडून मुलासाठी घेतली होती.

इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, ठिणगी आणि दाब. पेट्रोल टाकीतून नळीवाटे कार्बोरेटरमध्ये उतरतं आणि तिथे हवेत मिसळतं. सिलिंडरमध्ये पिस्टन ते मिश्रण दाबतो. प्लग ठिणगी टाकतो. या तिन्ही वेळेवर आल्या तर गाडी चालते. मेकॅनिकचं काम म्हणजे तिघांपैकी कोण गैरहजर आहे ते शोधणं.

गुरुवारी गाडी गॅरेजात आली. उस्तादांचा एक नियम होता. गाडी आत आली की पहिल्यांदा टाकीतलं पेट्रोल काढून मालकाच्या डब्यात द्यायचं. पेट्रोल महाग झालं होतं आणि गॅरेजवाल्यांनी काढून घेतलं, अशी एकदा तक्रार झाली होती. तेव्हापासून आम्ही लिटरभर पेट्रोलवर गाडी तपासत असू. मी प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून साफ केला, दाब तपासला. टाकी पुसायला फडकं घेतलं, तेव्हा सुधाकर पुढे आला.

"टाकी राहू द्या, मिस्त्री. रंग नवाच दिलाय."

टाकीच्या झाकणाच्या कडेला थोडी काळी माती चिकटलेली होती. आमच्या भागात पावसाळ्यात गाडीवर माती नसेल तरच मेकॅनिक दोनदा बघतो. मी फडकं ठेवून दिलं.

शुक्रवारी आणि शनिवारी मी ती गाडी स्टेशन रोडवर मिळून दोन तास फिरवली. एकदाही बंद पडली नाही. शनिवारी दुपारी सुधाकरने ती ताब्यात घेतली, पंपावर टाकी भरली आणि घरी निघाला. वाटेत गाडी तीनदा बंद पडली. रविवारी सकाळी पहिल्या एसटीने तो परत गॅरेजच्या दारात उभा.

"काल तर ठीक होती," उस्ताद म्हणाले.

"गॅरेजात ठीक असती, उस्ताद. रस्त्यावर न्हाई."

"मंग तिला गॅरेज पसंद आलं म्हणायचं. ठिवून दे इथंच, निकाह लावून टाकू." उस्ताद हसले, पण सुधाकरचं तोंड बघून थांबले. माझ्याकडे वळले. "विलास, थैली उचल. ह्याच्या गावाला जा. गाडी जिथं मरती तिथंच तिला बघ. आनि मॅग्नेटो असंल तर झूट बोलू नको, साफ सांग."

मॅग्नेटो म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणारं छोटं यंत्र. या जुन्या गाड्यांना ठिणगीसाठी बॅटरी नसे. मॅग्नेटो इंजिनाबरोबर फिरतो आणि स्वतःच वीज तयार करतो. जुना झाला की त्याला एक खोड लागते. थंड असताना तो बिलकुल ठीक असतो. दहा मिनिटं चालून तापला की आतल्या तारांचं वेष्टन दगा देतं आणि ठिणगी जाते. निवला की परत येते. सुधाकरच्या गाडीची लक्षणं हुबेहूब हीच होती. मॅग्नेटोच्या तारा नव्याने गुंडाळायला तो बाहेरगावी पाठवावा लागे. त्यात पंधरा दिवस जात. सुधाकरकडे एक दिवस होता.

टेंभुर्णीत आम्ही अकराला पोहोचलो. गाडी ओसरीत उभी होती. पहिल्या किकला चालू झाली. सुधाकरला मागे बसवून मी निघालो. दहाव्या मिनिटाला, ओढ्याच्या चढावर, ती बंद पडली. मी सवयीने टाकीचं झाकण फिरवून उघडलं आणि आत डोकावलो. पेट्रोल काठोकाठ. झाकण लावलं, तिसऱ्या किकला गाडी चालू. पुन्हा निघालो. पुन्हा दहा-बारा मिनिटांनी बंद. पुन्हा झाकण उघडून बघितलं, पुन्हा चालू. मी प्लग परत बदलला. मॅग्नेटोला हात लावून बघितला, गरम होता. इंजिनाला चिकटलेली कुठलीही वस्तू गरमच असते, पण मला तेव्हा तो पुरावा वाटला.

मग एक दहाला पळसाचं झाड आलं.

या वेळी मी झाकण उघडलं नाही. टाकी भरलेली आहे हे दोनदा बघून झालं होतं. मला मॅग्नेटो गरम असतानाच पकडायचा होता. म्हणून आधी प्लग काढला, तारेला लावून इंजिनाच्या पत्र्याला टेकवला आणि सुधाकरला किक मारायला सांगितली.

निळी, जाड ठिणगी पडली. टक्क असा आवाज आला. पुन्हा मारली, पुन्हा पडली.

"ठिणगी हाय की," सुधाकर म्हणाला.

"आहे."

म्हणजे मॅग्नेटो निर्दोष होता. सकाळपासूनचा माझा तर्क चुकला होता. मी प्लग बसवला आणि त्या एकवीस किक मारल्या. दोनदा बघता बघता चालू झालेली गाडी तिसऱ्यांदा ढिम्म होती. तेव्हा मी स्वतःला विचारलं, की मघाशी दोनदा आपण काय केलं होतं, जे आता केलं नाही?

 मी कार्बोरेटरकडे जाणारी पेट्रोलची नळी सोडवली आणि तोटी उघडली. भरलेल्या टाकीतून बोटाएवढी धार यायला हवी होती. चार थेंब पडले. पाचवा लोंबकळत राहिला.

"झाकण उघड," मी सुधाकरला म्हणालो.

त्याने झाकण फिरवलं. सूं असा आवाज झाला, टाकीने हवा आत ओढून घेतल्याचा. त्याच क्षणी नळीतून धार सुटली आणि माझी बाही भिजली.

तेलाच्या पत्र्याच्या डब्याला किराणा दुकानदार नेहमी दोन भोकं पाडतो. एकातून तेल बाहेर येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच पाडलं तर तेल अडखळतं आणि थांबतं. पेट्रोलच्या टाकीचंही तसंच असतं. हवा आत जायला झाकणाला सुईएवढं भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही. टाकी काठोकाठ भरलेली असली तर आत हवाच थोडी, मग दहा मिनिटांत गाडी थांबते. गेल्या सोमवारी दीड तासात झाकणाच्या फटीतून हवा हळूहळू आत झिरपली, म्हणून ती आपोआप चालू झाली होती. लिटरभर पेट्रोल असेल तर टाकीत हवाच हवा, दोन तासही काही कळत नाही. आम्ही गॅरेजात लिटरभरावर तपासत होतो. रस्त्यावर मी दर वेळी झाकण उघडून बघत होतो, आणि तेवढ्यानेच हवा आत जाऊन गाडी चालू होत होती. दोन्ही सवयी चांगल्या होत्या. दोघींनी मिळून दोष झाकला होता.

मी झाकण उलटं-पालटं करून बघितलं. भोक कडेच्या ओठाखाली होतं. नेमकं तिथेच ते काळ्या मातीचं ढेकूळ बसलं होतं. रस्त्यावरचा चिखल असा गोल, गुळगुळीत बसत नाही. मी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला.

सुधाकरने माझं मनगट धरलं.

"ते काढू नका, मिस्त्री."

"का?"

"कुंभारणीचं घर हाय ते." तो दुसरीकडे बघत म्हणाला. "आईला इचारावं लागंल."

कुंभारीण म्हणजे मातीचं घर बांधणारी माशी. कंबर दोऱ्यासारखी बारीक. ओली माती तोंडातून आणून ती घट बांधते, आत अंडं घालते आणि तोंड बुजवून निघून जाते.

"गुरुवारी सांगायचं होतंस," मी म्हणालो. "रंग नवा आहे म्हणालास."

"रंग बी नवाच हाय," तो म्हणाला.

झाकण नुसतं टेकवून, वरून फडकं दाबून धरून आम्ही हळूहळू घरी आलो. सुधाकरची आई ओसरीत ज्वारी निवडत बसली होती. तिने माझ्याकडे, मुलाकडे, गाडीकडे पाहिलं नाही. माझ्या हातातल्या झाकणाकडे पाहिलं.

"मोडलं का?"

"नाही."

"आना इकडं."

गुरुजी खुर्चीत वाचत बसले होते. त्यांनी चष्मा काढला. मी त्यांना दोष सांगितला. त्यांना एका वाक्यात समजला.

"मग खरवडून टाका. त्यात विचारायचं काय?"

"हात लावायचा न्हाई," आई म्हणाली. झाकण तिने पदराखाली घेतलं होतं.

सून सुमन दारात येऊन उभी राहिली. सातवा महिना होता. याआधी दोनदा तिला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यातच सगळं संपलं होतं. हे मला आईनेच सांगितलं, सुमनच्या देखत, सरळ शब्दांत. यंदा पावसात गाडी महिनाभर ओसरीत उभी होती. पाचवा महिना पार पडला, त्याच आठवड्यात कुंभारीण टाकीवर माती आणू लागली.

"जिच्या घरात कुंभारीण घर बांधती, तिथं पाळणा हलतो," आई म्हणाली. "माझ्या सासूनं सांगितल्तं. त्या दिसापून मी त्या घराला कुनाचा हात लागू दिला न्हाई."

गुरुजी माझ्याकडे वळले. "छप्पन साली दीक्षा घेतली आम्ही. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत हिला. आणि हे ऐका."

"हायेत पाठ. त्या बावीसात कुंभारणीचं नाव कुठं हाय, दाखवा."

"अगं, नाव नसलं तरी—"

"सगळ्या जिवांवर दया करीन, असं मातर हाय. म्हनून दाखवू का?"

गुरुजींनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मला वाटतं, नोकरीतल्या एवढ्या वर्षांत वर्गात त्यांना असं कुणी गप्प केलं नसावं.

"आई, उद्या दहा वाजता," सुधाकर म्हणाला.

"ठावं हाय मला. माझा पोरगा न्हाईस का तू?" तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "नोकरी बी पाह्यजे आनि हे बी पाह्यजे. मी काय करू?"

 बोलली ती सुमन.

"आत्या, यांची नोकरी लागली तर बाळंतपन जालन्याच्या दवाखान्यात. न्हाई तर इथं सुईनबाई. गाडी चालाया तर पाह्यजेच." मग मला म्हणाली, "भाऊ, ते घर तसंच ठिवून गाडी चालती का?"

चार दिवसांत कुणी मला विचारलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न होता.

मी सांगितलं, की झाकण सैल ठेवून चालेल, पण पेट्रोल उडून गरम इंजिनावर पडेल, तेव्हा ते नको. झाकणाला दुसरं भोक पाडता येईल, पण ठोकताना माती टिकेल याची हमी मी देणार नाही.

"आणि तिसरं?" गुरुजींनी विचारलं.

"दुसरं झाकण. या गाडीचं झाकण आज रविवारी कुठे मिळणार?"

गुरुजी उठून आत गेले. आत काहीतरी पाटावर ओतल्याचा आवाज आला. ते परत आले तेव्हा हातात पेल्याएवढा उभा पत्र्याचा डबा होता. डबा शाळेतला, खडूंचा. निवृत्त होताना तो त्यांनी घरी आणला होता. अजून आत पांढरी भुकटी होती.

"बघा, बसतं का," ते म्हणाले. बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही.

डब्याचं झाकण टाकीच्या तोंडावर जवळजवळ बरोबर बसलं. थोडं सैल होतं. सुधाकरने सायकलची जुनी ट्यूब आणली. तिची एक चकती कापून मी झाकणाच्या आत घातली. दुसरी लांब पट्टी टाकीखालून घेऊन झाकणावरून ताणून बांधली. भोक पाडायला सुई हवी होती. गुरुजींनी कंपासपेटीतलं कर्कटक दिलं. त्याच्या टोकाने मी पत्र्याला एक भोक पाडलं आणि फुंकर मारून बघितली.

"पेट्रोलनं रबर फुगतं," मी म्हणालो. "आठ दिवस टिकलं तरी पुष्कळ. तोवर खरं झाकण शोधू."

"उद्याचा दिवस टिकलं म्हंजे बास," आई म्हणाली. कुंभारणीचं झाकण तिने घरात नेऊन गुरुजींच्या पुस्तकांच्या फळीवर ठेवलं. गुरुजींनी एक पुस्तक थोडं बाजूला सरकवलं.

पावणेतीनला आम्ही टाकी पुन्हा काठोकाठ भरून निघालो. दहा मिनिटं झाली, ओढ्याचा चढ गेला. पळसाचं झाड आलं.  झाड मागे पडलं. पुढच्या वळणावर सुधाकरने सोडलेला श्वास मला इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला. आम्ही तासभर न थांबता गाडी चालवली. परत आलो तेव्हा आई ओसरीच्या पायरीवर उभी होती. गाडीचा आवाज तिने लांबूनच ऐकला होता.  चहा आधीच टाकलेला होता.

संध्याकाळच्या एसटीने मी जालन्याला परतलो. उस्तादांना सगळं सांगितलं. त्यांनी दाढी खाजवली.

"म्हंजे आपन पेट्रोल काढून घेत व्हतो, म्हनून गाडी आपल्याकडं चांगली चालत व्हती?"

"हो."

"या खुदा. आनि मी तिचा निकाह लावून देत व्हतो."

सोमवारी सकाळी नऊ चाळीसला गॅरेजसमोरून गाडी गेली. हॉर्न वाजला. सुधाकर थांबला नाही. थांबू नकोस, असं मीच त्याला बजावलं होतं.

पुढचं त्याच्याकडून कळलं. साहेब घड्याळ बघत बाहेर आले आणि टाकीकडे बघून उभे राहिले.

"हे काय आहे?"

"खडूच्या डब्याचं झाकण, साहेब."

"गाडी चालते ना?"

"चालती, साहेब."

"मग उभे का? कुंभार पिंपळगावला चार प्लॉट आहेत. संध्याकाळी रिपोर्ट द्या."

कुंभार पिंपळगाव जालन्याच्या दुसऱ्या बाजूला, चांगलंच लांब. गाडी जाऊन आली. रबर सहा दिवस टिकलं. सातव्या दिवशी उस्तादांनी भंगारातून एक झाकण शोधून काढलं, त्याचं भोक माझ्याकडून तीनदा तपासून घेतलं आणि मग बसवलं. खडूच्या डब्याचं झाकण मी धुऊन गुरुजींना परत पाठवलं.

दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवसांनी सुधाकर आईला घेऊन गॅरेजात आला. सुमन जालन्याच्या दवाखान्यात होती. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. आईने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं जुनं झाकण काढलं आणि माझ्यासमोर धरलं. मातीच्या घटाला एका बाजूने गोल, स्वच्छ भोक पडलेलं होतं. आतून पडलेलं.

"गेली ती," आई म्हणाली. "आता रिकामं हाय. काढा."

मी कर्कटक घेतलं नाही, साधा स्क्रू ड्रायव्हर घेतला. माती एका फटक्यात निघाली. दहा सेकंद लागले असतील. भोक मोकळं होतं. मूळ झाकण मूळ गाडीवर बसलं आणि भंगारातलं भंगारात गेलं.

उस्तादांनी नियम बदलला. गाडी मालक ज्या अवस्थेत चालवतो त्याच अवस्थेत तपासायची, टाकी भरलेली असेल तर भरलेली. पेट्रोल मालकाच्या देखत मोजून घ्यायचं, म्हणजे तक्रारही नको. मी माझ्यापुरती एक सवय बदलली. बंद पडलेल्या गाडीच्या टाकीचं झाकण मी शेवटी उघडतो. आणि कुणी म्हणालं, की या भागाला हात लावू नका, तर त्याला आधी बसवून कारण विचारतो.